रॅटच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, उजवा-डावा ओळखूच येईना!

संत्र्याची_साल:
नमस्कार. मी नागपुरात एम.फार्म. करतेय, फार्माकॉलॉजी, शेवटचं वर्ष. विस्टार जातीच्या रॅटच्या उजव्या गुडघ्यात एमआयए (मोनोसोडियम आयोडोअॅसिटेट, याने गुडघ्यात संधिवातासारखी झीज होते) दिलं, 2 मिलीग्रॅम, 50 मायक्रोलिटर सलाइनमध्ये. डाव्यात नुसतं सलाइन. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. पहिल्या 6 रॅटना 28 दिवस झाल्यावर भूल देऊन एक्स-रे काढला. मशीन कुत्र्यांसाठीचं, त्यावर रॅटचा गुडघा हरभऱ्याएवढा. कोणता उजवा, कोणता डावा हे मलाच चिठ्ठी बघून सांगावं लागलं. पण चालताना लंगडतात, वजन डाव्या पायावर टाकतात. गाइड म्हणतात, केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड (एक्स-रे पाहून सांध्याची झीज किती ते ठरवायची मोजपट्टी) देऊन टाक. माझा हात धजत नाही. एखाद्या हॉस्पिटलला एमआरआयसाठी विचारू का? 24 रॅट अजून बाकी आहेत. या 6 जणांचे गुडघे फॉर्मलिनमध्ये आहेत.

बर्डी_वाला:
हॉस्पिटलच्या एमआरआयच्या रांगेत माणसांचाच नंबर लागत नाही, तुझ्या रॅटला कोण बसवते बाप्पा! आणि लागला तरी उपयोग नाही. हॉस्पिटलातल्या 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर एक पिक्सेल साधारण 0.3 ते 0.5 मिलीमीटरचा पडतो. रॅटच्या गुडघ्यातली कूर्चा त्याहून पातळ. अख्खी कूर्चा एका पिक्सेलात बसल्यावर झीज कुठून दिसणार? लहान प्राण्यांसाठी 7 किंवा 9.4 टेस्लाचं वेगळं मशीन लागतं.

फुटाळा_काठ:
हाडांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

ग्रेड देऊ नकोस. ती मोजपट्टी 1957 ची, माणसांच्या एक्स-रेवरून केलेली. माणसाचा गुडघा आपण उभं करून काढतो, अंगाचं वजन पडतं, कूर्चा झिजली असेल तर फट कमी दिसते. तुझा रॅट भूल घेऊन पसरलेला. पाय थोडा जास्त वाकला की फट बदलली. त्यातून मोजशील ती तुझ्या हाताची ठेवण, रोग नव्हे. आणि कूर्चा तर एक्स-रेवर दिसतच नाही. वजन टाकण्यातला फरक मात्र खराच निकाल आहे, तो थीसिसमध्ये जाऊ दे.

तुला मायक्रो-सीटी (अगदी बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) लागेल, तीही काढलेल्या गुडघ्याची. जिवंत रॅटला दर आठवड्याला स्कॅन करता येतं, पण दरवेळी किरणांचा डोस बसतो, आणि त्याचा परिणाम हाडावर होऊ शकतो. मग रोगाचं किती आणि किरणांचं किती, हे वेगळं कसं करणार? काढलेल्या गुडघ्यावर 10 ते 18 मायक्रॉनचा व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सर्वात लहान ठोकळा) सहज मिळतो. रॅटची ट्रॅबेक्युला (हाडाच्या आतल्या जाळीची काडी) जेमतेम 0.1 मिलीमीटर जाड, म्हणजे तिच्यावर काही व्हॉक्सेल तरी पडायला हवेत. टिबियाची (नडगीच्या हाडाची) आतली बाजू, कूर्चेच्या लगेच खालचं हाड घे. खाली ग्रोथ प्लेटला (हाड लांबीला वाढतं त्या पट्टीला) धक्का लावू नकोस, रॅटची ती म्हातारपणीही पूर्ण मिटत नाही आणि आकडे बिघडवते. एमआयएमध्ये हे हाड आधी झिजतं, कडेचे ऑस्टिओफाइट (हाडाचे वाढलेले कोंब) मागाहून येतात. म्हणून 28 व्या दिवसाचा एकच फोटो पाहून "काही नाही" म्हणू नकोस.

कूर्चा मायक्रो-सीटीतही नुसती दिसत नाही. ऋणभाराच्या आयोडीन कॉन्ट्रास्टमध्ये गुडघा भिजवावा लागतो. निरोगी कूर्चेत ग्लायकोसअमिनोग्लायकनचा (कूर्चेतल्या साखरसाखळ्यांचा) ऋणभार असतो, तो कॉन्ट्रास्टला आत शिरू देत नाही. जिथे तो गेलाय तिथे आयोडीन शिरतं आणि ती जागा उजळते. पण सगळे गुडघे तितकाच वेळ भिजव, नाहीतर फरक रोगाचा की वेळेचा, कळणार नाही.

स्कॅनसाठी गुडघा ओल्या गॉझमध्ये गुंडाळून नळीत घट्ट बसव. सुकला तर कूर्चा आक्रसते, हलला तर सगळं धूसर. पाठवायचे असतील तर फॉर्मलिनमधून काढून 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेव आणि सगळ्यांना तेच माध्यम दे. बाहेरच्या लॅबला आधी फोन कर, मे महिन्यात पार्सल गाडीत तापत ठेवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. हिस्टॉलॉजी (पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) त्याच गुडघ्यावर होते, पण स्कॅन आधी. मी पहिल्या वर्षी 8 गुडघे थेट ईडीटीएत टाकले, 3 आठवडे नीट डीकॅल्सिफाय केले, मग स्कॅनला नेले. पडद्यावर राखेसारखं काहीतरी आलं. कॅल्शियमच काढून टाकल्यावर सीटी बिचारी काय दाखवणार? मशीनवाल्याने हसू दाबलं, तेही आठवतं.

संत्र्याची_साल:
मॅडम, तुमचं वाचून धावत लॅबमध्ये गेले. आमच्या लॅबमधल्या मदतनीस भाऊंनी सकाळीच 2 गुडघे ईडीटीएत घातले होते! ते काढू का?

फुटाळा_काठ:
काढू नकोस, त्यांना तिथेच राहू दे. ते सॅफ्रॅनिन-ओसाठी (कूर्चा रंगवायच्या लाल रंगासाठी) चालतील, फक्त स्कॅनच्या आकडेवारीतून वगळ आणि का वगळले ते मेथडमध्ये लिही. बाकी सगळ्या बरण्यांवर आज लेबल लाव, आणि त्यावर पेन नको, पेन्सिल. अल्कोहोलने पेनची शाई पुसून जाते.

संत्र्याची_साल:
लावली. भाऊ विचारत होते, "ताई, लाल अक्षरात 'हात लावू नये' पण लिहू का?" म्हटलं, लिहा, पण पेन्सिलनेच.