उन्हाळ्यात कोरडा म्हणजे निरुपयोगी नव्हे

वरच्या कमेंटमध्ये एक दादा म्हणतात, कोल्हापूरच्या कळंबा तलावाचं पात्र उन्हाळ्यात निम्मं उघडंच पडतं, मग काठाच्या जागेत घरं झाली तर काय बिघडलं? दादा, घरं हवीतच, पण तिथं नकोत.

तलाव भरतो तो कात्यायनीच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी. प्लॉट पाडताना आधी ओढा बुजतो, मग त्यावर मुरूम पडतो, मग कंपाउंड. पाऊस तेवढाच पडतो, पण पाणी तलावात न जाता लोकांच्या पार्किंगमध्ये शिरतं आणि तलाव मात्र रिकामा राहतो. एवढ्यावर थांबत नाही, सांडपाणीही उतारानं तलावातच येतं. संस्थानकाळात याच तलावाचं पाणी उतारानंच मंगळवार पेठेतल्या ‘पाण्याचा खजिना’ या साठवण टाकीत येत होतं, म्हणजे जुन्या लोकांनी हा उतार किती नीट वाचला होता बघा.

आणि बुजवलेली तळी आपण बघतोच की. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, जोराचा पाऊस झाला की अजून तिथं तळं साचतं. कपिलतीर्थावर मंडई बसली. २०१९ आणि २०२१ चा पूर बघूनही पाणी मुरायच्या जागा घालवायच्या?

कळंब्यासारखे पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव पाणथळ जागा वाचवायच्या २०१७ च्या नियमांतून वगळलेत, त्यामुळं त्या नियमांच्या भरवशावर राहू नका. पण काठाच्या जमिनीचा झोन, म्हणजे आराखड्यात ठरलेला वापर, बदलायचा तर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, मुदत महिन्याभराची असते. हरकत लेखी द्या, गट नंबर आणि ओढ्याचा नकाशा जोडा, पोच घ्या. नकाशासाठी मदत लागली तर इथंच सांगा, मी करून देतो.