स्टड हाय-लो: पाचव्या पानावर केवळ लोसाठी कॉल करावा का?

सातवे पान:
काल एका पोकर स्पर्धेत खेळलेल्या या डावाबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. स्टड हाय-लोमध्ये प्रत्येकाला सात पाने मिळतात, काही झाकलेली आणि काही उघडी, आणि पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) सर्वांत वरचा हात (हाय) व अठ्ठी किंवा त्याखालच्या पाच वेगवेगळ्या पानांचा सर्वांत खालचा हात (लो) यांच्यात अर्धा-अर्धा वाटला जातो. मर्यादा १,०००-२,००० होती (चौथ्या पानापर्यंत १,००० ची बोली, पाचव्यापासून २,००० ची), अँटी (प्रत्येकाने सुरुवातीला भरायची रक्कम) २०० आणि ब्रिंग-इन (सर्वांत लहान उघड्या पानावाल्याने भरायची सक्तीची रक्कम) ३००. टेबलावर आम्ही सहा जण होतो आणि माझ्यापुढे १४,००० चिप्स होत्या. तिर्रीवाल्याने ब्रिंग-इन भरले, राजा उघडा असलेल्याने १,००० केले, आणि माझी झाकलेली पाने २ व ४ आणि उघडी सत्ती, सगळी वेगवेगळ्या रंगांची, असे असताना मी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. एक्का, पंजी आणि राणी दाखवणारे तिघे व ब्रिंग-इनवाला बाहेर पडले. चौथ्या पानाला मला अठ्ठी आणि राजावाल्याला नव्वी आली. त्याचे १,००० मी भरले. पाचव्याला मला गुलाम, त्याला छक्की. त्याने २,००० लावल्यावर पॉट ७,५०० झाला आणि मी पुन्हा कॉल केला. सहाव्याला नव्वी आली, तरी आणखी २,००० भरले. सातव्याला राणी आल्यावर पाने टाकली. ७,८०० उरले. पाचव्या पानावर माझे चुकले का?

मोजणीदार:
चुकले, पण थोडक्यात. राजा-नव्वी दाखवणाऱ्याचा लो जवळजवळ होत नाही, त्यामुळे तुमचा लो लागला तर अर्धा पॉट तुमचाच. त्यासाठी एक्का, तिर्री, पंजी किंवा छक्की हवी होती. अशी १६ पाने, पण प्रत्येकातले एक टेबलावर दिसून गेले होते. न दिसलेल्या ४० पानांत तुमच्या उपयोगाची १२ उरली आणि दोन पानांत लो लागण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के झाली. तो शेवटपर्यंत लावत राहिला असे धरल्यास पॉट १७,५०० होतो. तुमच्या वाट्याला ८,७५० येतात, त्यातले ६,००० पाचव्या पानापासून तुम्हीच घातलेले. म्हणजे लागले तर २,७५० चा फायदा, न लागले तर ४,००० चा तोटा. शंभर वेळा हेच केले तर १,४३,००० मिळतील आणि १,९२,००० जातील. तीच १६ पाने गड्डीत शाबूत असती, तर शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाऊन हाच कॉल फायद्याचा ठरला असता.

उलटा एक्का:
हिशेब मान्य आहे, फक्त मूळ चूक तिसऱ्या पानावरची आहे. तिर्री, एक्का आणि पंजी तेव्हाच समोर होत्या, आणि २-४-७ हा हात हायच्या बाजूने जवळपास निकामी असल्यामुळे तो फक्त अर्ध्या पॉटसाठी खेळतो. चौथ्या पानावरचा कॉल मात्र मला पूर्ण बरोबर वाटतो, कारण चार लो पाने जमली होती आणि ४,५०० च्या पॉटसाठी १,००० च भरायचे होते. दुर्रीच्या जागी तुमच्याकडे एक्का असता, तर पाचव्यालाही मी कॉल केला असता. दुसरा एक्का आला की त्याची संभाव्य राजांची जोडी मागे पडते आणि पूर्ण पॉट मिळण्याची वाट उघडते.

सातवे पान:
खरे सांगायचे तर पंजी माझ्या लक्षातच आली नव्हती. ती टाकली गेली तेव्हा मी राजावाल्याच्या चिप्स मोजत होतो, आणि मान वळवेपर्यंत डीलरने ती पालथी करून ओढून घेतली होती.