मदत हवी आहे: रव्याचा केक मधेच बसतो, आणि तोवर कानात काय लावू तेही सांगा

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. दोन प्रश्न एकाच धाग्यात घुसडतेय, कारण माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात.

आमच्या शेजारच्या आंटी नाताळात रवा-नारळाचा बाथ नावाचा केक करून पाठवतात, त्याला कोणी बातिक पण म्हणतं. तो वरून खरपूस, आत रवाळ, वेलचीचा वास असलेला. मला तोच करायचाय. त्यांना माप विचारलं तर सगळं अंदाजाने, "मातशें घाल" (थोडंसं घाल) यापलीकडे उत्तर नाही. म्हणून नेटवरचं माप घेतलं. दीड वाटी बारीक रवा, एका नारळाची सोय (म्हणजे खवलेला नारळ), वाटीभर साखर, शंभर ग्रॅम बटर, तीन अंडी, आणि दीड चमचा बेकिंग पावडर, जी घरात संपली होती म्हणून मी तेवढाच खायचा सोडा घातला, सोडा काय नि पावडर काय फुगवायचं काम एकच ना. सात इंची टिन, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) 180 वर, 45 मिनिटं.

तीनदा केला, तीनदा तेच. आधी मस्त टम्म फुगतो, मग मधोमध खड्डा. वरून काळपट, आत गिच्च, आणि खाल्ल्यावर जिभेवर काहीतरी साबणासारखं राहतं. सासरे म्हणाले चहात बुडवून बरा लागतो. ते कशाबद्दलही असंच म्हणतात.

दुसरा प्रश्न. हे सगळं रविवारी दुपारी चालतं, घर झोपलेलं असतं, मला ऐकायला काहीतरी लागतं. हात बटरने माखलेले त्यामुळे सारखं बदलता येत नाही. मोटिव्हेशन नको, पहाटे पाचला उठून यशस्वी झालेल्यांचा मला त्रास होतो. खुनाबिनाचं पण नको, एकटी असते मी किचनमधे. मराठी असेल तर उत्तम, हिंदी-इंग्रजी पण चालेल. गेल्या रविवारी दोन्ही कानात इअरफोन घालून बसले आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकूच आला नाही, म्हणजे संध्याकाळी घरात पाव नाही आणि केकही बसलेला.

– रविवारची_सोय

कातरेपाव: सोडा दीड चमचा??? अगो, साबणासारखं लागणार नाही तर काय. सोडा आणि पावडर एक नव्हे. सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं, दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. तुझ्या मापात यातलं काहीच नाही, म्हणून तो तसाच उरला, तीच ती चव. केक लवकर काळा पडतो तोही जास्त सोड्यानेच. पावडरमधे ते आंबट आधीच घातलेलं असतं, शिवाय थोडं स्टार्च, म्हणून ती सौम्य. ढोबळ हिशोब, जिथे एक चमचा पावडर तिथे पाव चमचा सोडा पुरे, तोही दह्याबरोबर. आणि चमचा कुठला वापरलास? पोह्याचा असेल तर देवच वाचवो, मापाचा लहान 5 मिलीचा घे आणि सुरीने सपाट कर.

रविवारची_सोय: पोह्याचा. 🙈

म्हापशेकार: वरचं बरोबर आहे पण खड्ड्याचं कारण एवढंच नसावं. जास्त सोड्याने पटकन फुगतो, आतला भाग शिजायच्या आधीच हवा निघून जाते आणि खाली बसतो हे खरं. पण तुम्ही मधेच दार उघडून बघता का? खरं सांगा.

रविवारची_सोय: पंधराव्या मिनिटाला. आणि विसाव्या. वास आला की राहवत नाही हो.

म्हापशेकार: तेच ते. दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर, आणि आतला केक अजून ओला, आधार नसतो त्याला. निदान अर्धा तास हात लावायचा नाही. दुसरं, ओटीजीत दोन्ही रॉड चालू ठेवलेत तर वरचा लवकर करपतो आणि आत कच्चं राहतं. टिन खालच्या जाळीवर ठेवा, वर रंग आला की अल्युमिनियम फॉइल झाका. छोटा ओव्हन थर्मामीटर मिळाला तर घ्या, माझ्या ओटीजीवर 180 लिहिलंय तेव्हा आत 200 असतं, वर्षभर मी स्वतःलाच शिव्या देत होतो.

सूरसान्नां: सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोललंच नाही! मिश्रण भिजत ठेवलं का? आमच्या मायची सांगणी होती, रातभर दवर (ठेव). रवा भिजायला वेळ लागतो, लगेच भाजला तर बटर आणि ओल्या नारळाचं पाणी खाली उतरतं आणि तळाला गिच्च थर होतो. रात्री कालवून फ्रिजमधे, सकाळी बाहेर काढून थोडा वेळ तसंच ठेवायचं म्हणजे गारठा जातो, आणि पावडर मात्र भाजायच्या अगदी आधी, नाहीतर तिचा जोर रात्रीतच संपतो. एवढा धीर नसेल तर निदान दोन तास. आणि पावसाळ्यात उघडलेला पावडरचा डबा असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघ, फसफसली तर जिवंत, नाहीतर मेली. आपल्याकडच्या दमट हवेत पटकन मरते.

कातरेपाव: पॉडकास्टचं. मराठीत अमुक तमुक ऐक, पाहुणे बोलावून निवांत गप्पा असतात, नातीगोती, तब्येत, काय काय. बीबीसी मराठीचं सोपी गोष्ट छोटं असतं, रवा भाजेपर्यंत संपेल.

म्हापशेकार: हिंदी चालत असेल तर पढाकू नितीन, तास-दीड तास एकाच अभ्यासकाशी एकाच विषयावर. इंग्रजीत इन अवर टाइम, बीबीसीचं, 1998 पासून चालू, साधारण पाऊण तास तीन प्राध्यापक बोलतात. मी तर घड्याळच लावत नाही. केक आत टाकला की तो भाग सुरू, आणि तो संपेपर्यंत दाराला हात नाही. अमित वर्मांचं द सीन अँड द अनसीन पण सुंदर आहे, पण त्याचे भाग कित्येक तासांचे, त्यावर केक लावलात तर कोळसा होईल.

सूरसान्नां: आणि एकच कान भर गो, दुसरा पोदेराला ठेव.

रविवारची_सोय: अपडेट देते. शनिवारी रात्री कालवलं, रविवारी पावडर, मापाचा चमचा, खालची जाळी. इन अवर टाइम लावलं, विषय कसला तरी ग्रीक होता, निम्मं डोक्यावरून गेलं पण दार उघडलं नाही. चाळीस मिनिटांनी सुरी घातली तर स्वच्छ निघाली. खड्डा नाही! वर एक भेग पडली, ती मला चालते. आंटींना तुकडा नेऊन दिला, खाऊन म्हणाल्या वेलची मातशी कमी. पुढच्या वेळी अमुक तमुक, म्हणजे निदान कळेल तरी.

आता सोड्याचा अख्खा डबा उरलाय, त्याचं काय करू?

कातरेपाव: सिंक घास.