मालवणजवळ देवबागला पॅडलबोर्ड कुठून उतरवायचा? माझं मत: समुद्राकडून नाही, खाडीकडून

पुणेरी_वल्हं:
गेल्या वर्षी तारकर्लीच्या बीचवरून पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) टाकला होता. सकाळी आठला पाणी एकदम शांत, फोटो काढले, मजा. अकराच्या पुढे वारा सुटला आणि परत येताना फुटणाऱ्या लाटेने मित्राला बोर्डासकट वाळूत असा आपटला की फिन (बोर्डाखालचं पातं) तुटली आणि खांदा अजून दुखतोय त्याचा. त्यामुळे या डिसेंबरला मी ग्रुपमध्ये जाहीर करून टाकलंय की समुद्र बंद, सगळं कर्ली खाडीतून. देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मध्ये चालत पाच-दहा मिनिटं. मग लाटा फुटतात त्या बाजूने उतरायचा हट्ट कशाला? आठ जण आहोत, दोन हवेचे बोर्ड, एक कनू (वल्ह्याची उघडी होडी), तिघं पहिल्यांदाच. खाडीला लाट नाही, गाडी पाण्याजवळ जाते, वर कांदळवन बघायला मिळतं. समुद्रातूनच उतरा म्हणणारे लोक फक्त इन्स्टासाठी म्हणतात असं माझं स्पष्ट मत आहे, चुकत असेन तर सांगा.

चिवलाकर:
चुकताय. लाट डोळ्यांना दिसते म्हणून माणूस सावध राहतो, खाडीची ओढ दिसत नाही. ओहोटी लागली की कर्लीचं सगळं पाणी देवबागच्या टोकाला संगमावर जाऊन बाहेर पडतं आणि तिथे वाळूचा बांध आहे. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की उंच लाटा उभ्या राहतात, ते दुरून कळत नाही. नवखी तीन माणसं गप्पा मारत मारत कधी टोकाकडे पोचली हे त्यांनाही समजणार नाही. त्यात तिथल्या सुनामी आयलंडच्या (वाळूचं बेट) आसपास पर्यटकांच्या बोटी आणि जेट-स्की, त्यांना तुमचा बोर्ड म्हणजे पाण्यातला अडथळा. त्यापेक्षा मालवणात चिवला बीचला या. बाहेर खडक आहेत म्हणून लाट मरून येते, डिसेंबरात तिथे समुद्रातल्या पोहण्याची स्पर्धा होते ती काय उगाच होत नाही.

कनूवाला:
दोघंही बोर्डाबद्दल बोलताय. माझी कनू तीस किलोच्या आसपास आहे आणि ती वाळूतून दोनशे पावलं उचलून नेताना चिवल्याचं सगळं सौंदर्य विसरायला होतं. आणि मुद्दा वजनाचाही नाही. बोर्डवरून पडलात तर पडलात, परत चढलात. उघड्या कनूत एक लाट आडवी शिरली की आत शंभर-दीडशे लिटर पाणी, आता ती होडी नाही, न्हाणीघरातला टब आहे. त्यामुळे कनूसाठी खाडीच, वाद नाही. पण मग बोर्ड आणि कनू एकाच जागेवरून उतरवायचे हे कुणी ठरवलं? गाड्या वाचतात एवढंच ना?

पुणेरी_वल्हं:
हो, गाड्या वाचतात :) चिवलाकर, ओढ मान्य, पण आम्ही टोकाकडे जाणारच नाही, वर, खाडीत आत जाऊ.

चिवलाकर:
कोणत्या दिवशी जाताय ते आधी सांगा.

पुणेरी_वल्हं:
शनिवार. कॅलेंडरात अष्टमी दिसतेय. त्याचा काय संबंध?

चिवलाकर:
सगळा संबंध त्याचाच. आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा, सकाळी सहाला भरती पूर्ण, अर्धा तास इकडेतिकडे धरा. म्हणजे तुम्ही चहा-पोहे खाऊन साडेसातला उतरणार तेव्हा ओहोटी लागलेली आणि ती बारापर्यंत चालणार. वर जायचं म्हणता ना, मग पूर्ण सकाळ ओढीविरुद्ध वल्हवा. तरी नशीब, अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. हेच अमावस्येला असतं तर उलट, सकाळी सहाला पाणी एकदम खाली आणि नंतर दुपारपर्यंत भरती तुम्हाला आपोआप वर घेऊन गेली असती, पण ते उधाणाचं पाणी, परतीला तेवढ्याच जोरात बाहेर ओढणार.

मांडवीची_मेधा:
तिथीचं गणित छान आहे पण भरतीचं टेबल मोबाईलवर फुकट मिळतं हो, ते बघा. (खाडीत आत गेलात की भरती थोडी उशिराच पोचते, तेही धरा.) मला चिवलाकरांच्याच सल्ल्यावर बोलायचंय. सकाळचा समुद्र शांत का असतो? मतलई वारा असतो म्हणून. तो जमिनीवरून बाहेर वाहतो, किनाऱ्याजवळ झाडांच्या आडोशाला पाणी सपाट दिसतं, आणि दोनशे मीटर बाहेर गेलात की तोच वारा हवेच्या बोर्डाला फुग्यासारखा ढकलत नेतो. उभा माणूस म्हणजे शीडच. मी गोव्यात हा प्रकार स्वतः अनुभवलाय, गुडघ्यांवर बसून, शेवटी पोटावर झोपून हातांनी पाणी मारत परत आले, अर्धा तास लागला आणि लाजेने कुणाला सांगितलं नाही. तेव्हा चिवला सेफ आणि खाडी अनसेफ असं सरसकट म्हणू नका. आणि लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधायची दोरी, घालताच ना? समुद्रात घोट्याला ठीक, पण ओढीच्या खाडीत घोट्याची लीश खुंटाला किंवा बोटीच्या दोरखंडाला अडकली तर हात तिथे पोचत नाही. तिथे कमरेला, झटक्यात सुटणारी हवी.

चिवलाकर:
ताई, मी किनारा धरून जा म्हणतोय, दोनशे मीटर बाहेर कुणी पाठवलं?

मांडवीची_मेधा:
तुम्ही नाही पाठवलंत, वारा पाठवतो. तेच तर सांगतेय.

रापणकऱ्याचा_पोर:
तुमका काय करूचा ता करा, पण एक सांगतंय. चिवल्याला सकाळी रापण असते. दोन्ही टोकांनी माणसं दोर ओढत असतात आणि मध्ये पाण्यात जाळं. तेव्हा कुणी हौशी माणूस मधूनच बोर्ड घालतो, फिन जाळ्यात, मग बाचाबाची. अर्धा तास थांबा किंवा विचारा, आमचे लोक मासे पण दाखवतील. खाडीकडे पण तेच. ज्या धक्क्यावरून उतरणार तो कुणाचा तरी आहे, कुणाच्या परसातून पाण्यात जाणार ते विचारून जा. रिकामी जागा दिसली म्हणून ती जागा सार्वजनिक नसते.

खवचट_काका:
एवढं गणित आयआयटीला केलं असतं तर लागला असता नंबर. वाशिष्ठीत उतरा की चिपळूणजवळ, गर्दी नाही, लाट नाही.

कनूवाला:
काका, तिथे मगरी आहेत.

खवचट_काका:
म्हणूनच गर्दी नाही म्हटलं.

पुणेरी_वल्हं:
बरं, हरलो अर्धा. खाडी सोडत नाही, पण जागा बदलतो. ओहोटी सकाळभर खालीच नेणार असेल तर वरून सुरू करू, नेरूर पारच्या बाजूने, आणि पाण्याबरोबर देवबागकडे येऊ. कनू आणि बोर्ड दोन्ही. परत वर जायचंच नाही, मग वल्हवायला कोण कंटाळेल?

चिवलाकर:
आता बोललात. पण दोन गोष्टी. सात म्हणजे सातलाच पाण्यात, कारण दुपारकडे खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून येणार म्हणजे तुमच्या तोंडावर, आणि खाली जाणारं पाणी आणि वर येणारा वारा भांडले की खाडीतही पाणी खवळतं. आणि बाहेर कुठे पडणार ती जागा आदल्या दिवशी पाण्याच्या बाजूने बघून ठेवा, बोटवाल्याला पैसे देऊन एक फेरी मारा. संगमाच्या बरीच आधी. रस्त्यावरून ओळखीची वाटणारी जागा पाण्यातून सगळी माडांची रांगच दिसते. शिवाय तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरलेलं असेल, चिखलात गुडघाभर रुतून बोर्ड ओढायचा नसेल तर पक्का धक्का शोधा. खडकावर अनवाणी पाय टाकू नका, कालवं ब्लेडसारखी कापतात.

मांडवीची_मेधा:
आणि नवख्या तिघांना बोर्डवर नको, कनूत मध्ये बसवा. लाइफ जॅकेट घालून, पायाखाली ठेवून नाही.

पुणेरी_वल्हं:
मान्य. आता ग्रुपवर नवीन भांडण सुरू झालंय: एक गाडी आदल्या रात्री देवबागला ठेवून यायची, तर तिथून नेरूर पारला परत आणणारी दुसरी गाडी कोण चालवणार, कारण त्या माणसाला मासळी थाळीबरोबर सोलकढीच प्यावी लागणार.