फ्रेटनं जी-क्वाड्रुप्लेक्स बघायचाय: कोणते रंग घेऊ?

मांजराकाठ: नमस्कार मंडळी. लातूरला एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. टेलोमिअरचा (गुणसूत्राच्या टोकाचा) डीएनए, म्हणजे टीटीएजीजीजीची माळ, पोटॅशियममध्ये जी-क्वाड्रुप्लेक्स ही चार पदरी घडी कशी घालते ते फ्रेटनं बघायचंय, म्हणजे एका रंगाची ऊर्जा जवळच्या दुसऱ्या रंगाकडं किती जाते त्यावरून. हाताशी एक जुना फ्लुरोमीटर आहे आणि कोविडच्या काळात आलेलं आरटी-पीसीआर मशीन, जे आता कापडाखाली झाकून ठेवलंय. दोन्ही टोकांना चमकणारा रंग लावलेला एकच ऑलिगो (डीएनएचा छोटा तुकडा) परवडेल. सर म्हणतात साय३-साय५ घे, सीनियर म्हणतो फॅम-टॅम्रा. दोन टोकांतलं अंतर नॅनोमीटरमध्ये काढायचा विचार आहे. काय करू?

गोदाकाठचा मास्तर: फॅम-टॅम्रा. डोळे झाकून. साय३-साय५ एकेक रेणू बघणाऱ्या मायक्रोस्कोपवाल्यांची लाडकी जोडी, पण ती सोय आपल्याकडं कुठली? ते कापड काढा ताई, पीसीआर मशीनला फॅमचं चॅनेल असतंच. ५' टोकाला फॅम, ३' टोकाला टॅम्रा, मध्ये २१ बेस. घडी बसली की टोकं जवळ येतात आणि फॅम मंदावतो, कारण त्याची ऊर्जा टॅम्रा पळवतो. तापवत गेलात की घडी सुटते, फॅम उजळतो. २५ ते ९५ अंश, सावकाश. वितळण्याचा आलेख एका दुपारी हातात येतो. ऑलिगो मात्र एचपीएलसीनं शुद्ध केलेलाच मागवा. टॅम्रा न लागलेले रेणू मिसळलेले असले तर ते सगळ्या तापमानांना चमकत राहतात आणि आकडे बिघडवतात.

उस्मानपुरा कट्टा: अंतराचा नाद सोडा, असं माझं स्पष्ट मत. फ्योर्स्टरनं १९४८ मध्ये फ्रेटचं गणित मांडलं, १९६७ मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी त्याला रेणूंची मोजपट्टी केलं, हे खरं. पण ही पट्टी फार अरुंद. ऊर्जा पळवण्याची कार्यक्षमता अंतराच्या सहाव्या घातानं पडते. तुमच्या जोडीचं फ्योर्स्टर अंतर साधारण ५ नॅनोमीटर धरा: तिथं ५० टक्के, साडेसातवर ८ टक्के, अडीचवर ९८ च्या वर. म्हणजे घडीतली टोकं इतकी जवळ असतात की पट्टी तिथं काही सांगतच नाही, सगळं ‘भरपूर’च दिसतं. वर रंग लवचिक दोरीवर लोंबतात, टोकाच्या बेसवर चिकटूनही बसतात. मग दिशेचा घटक (दोन रंग एकमेकांकडं कसे वळलेत त्याचा आकडा) दोन तृतीयांश धरायचा कशाच्या जोरावर? शेजारच्या ग्वानिनमुळंही (माळेतला ‘जी’) फॅम मंदावतो, त्याचा फ्रेटशी संबंध नाही.

१९८९ मध्ये क्लेग, लिली आणि मंडळींनी डीएनएच्या चार फाट्यांच्या जोडाचा आकार फ्रेटनंच सोडवला. युक्ती साधी होती: कोणत्या दोन फाट्यांची टोकं जवळ, कोणती लांब, याची तुलना. तुम्हीही तुलनाच करा. पूरक धागा बिनरंगी मागवा, स्वस्तात येतो. दुहेरी सर्पिल झालं की २१ जोड्यांची काठी, प्रत्येक पायरी ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास ७ नॅनोमीटर. हा तुमचा ‘उघडा’ नमुना.

गोदाकाठचा मास्तर: हे पटलं. एक राहिलं: ट्रिस बफर (बफर म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण) घेऊ नका. आमच्याकडं एका मुलानं घेतला आणि महिनाभर उलटा आलेख बघत बसला. ट्रिसचा पीएच दर अंशाला जवळपास ०.०३ नं घसरतो. २५ ला ७.४ असलेला ८५ ला पावणेसहाच्या आसपास. फॅमला आम्ल सोसत नाही, विझतो. घडी सुटतेय तरी उजेड कमी! कॅकोडिलेट बफर घ्या, पण त्यात आर्सेनिक असतं. हातमोजे घाला, बेसिनमध्ये ओतू नका.

मांजराकाठ: सगळ्यांचे आभार. ऑलिगो आला, मशीन चालू झालं. पण एक कोडं पडलंय. कंट्रोल म्हणून फक्त लिथियम क्लोराइड घातलेल्या नळ्या ठेवल्या होत्या. पोटॅशियम नाही, म्हणजे त्यांत घडी बसायला नको ना? पण तिथंही फॅम सुरुवातीला मंद, आणि तापवल्यावर छान चढ. पोटॅशियमवाल्यासारखाच, जरा आधी सुटतो इतकंच. नळ्या तीनदा लावल्या. कुलरसमोर बसून डोकं तापलंय.

उस्मानपुरा कट्टा: बफरचा पीएच कशानं लावला?

मांजराकाठ: कॅकोडिलिक आम्लात केओएच टाकून. सात पूर्णांक दोन.

उस्मानपुरा कट्टा: सापडला चोर. १० मिलिमोलर बफर ७.२ ला आणायला जवळपास ९ मिलिमोलर केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जातो. म्हणजे तुमच्या ‘बिनपोटॅशियम’ नळीत पोटॅशियम होतंच, आणि या घडीला तेवढं पुष्कळ झालं. लिथियम हायड्रॉक्साइडनं लावा. आणि पीएच मीटरची कांडी सगळ्या बाटलीत बुडवू नका, तिच्या पोटात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते झिरपतं. थोडं बफर वेगळ्या कपात काढा, मोजा, फेकून द्या.

मांजराकाठ: अरे देवा. कांडी रात्रभर त्याच बाटलीत होती. 🙈 उद्या सगळं नव्यानं.