तांबड्या माळावरचं एका पाकळीचं जांभळं फूल: रतनपुरुष की व्हायोलेट?

प्रश्न (जांबोटी रोड): खानापूर तालुक्यातल्या तांबड्या माळावर गवतात वीतभर रोप दिसतंय. पानं अरुंद, एकाआड एक. फुलाला गुलाबी-जांभळी एकच पाकळी. रतनपुरुष का व्हायोलेट? मुळासकट आणून परसात लावलं तर जगेल का? माती काळी आहे.

माळरान: रतनपुरुषच दिसतो, आणि तो व्हायोलेटच्याच कुळातला. कन्नडमध्ये पुरुषरत्न. पाकळ्या मात्र पाच असतात, फूल उलटं करून बघा. वरच्या दोन अगदी बारक्या, बाजूच्या दोन जरा वाकलेल्या, खालची एकटी फावड्यासारखी पसरलेली, तिच्या बुडाशी छोटी पिशवी. पक्की खूण बोंडात आहे: वाटाण्याहून लहान, गोल, देठावर खाली झुकलेलं. वाळलं की तीन फाका होतात. आतल्या पिवळट बियांवर भिंगातून उभ्या रेषा दिसतात. पानं समोरासमोर आणि पाकळ्या नळीत जुळलेल्या असतील तर तो लिंडर्निया, म्हणजे दुसऱ्याच कुळातलं छोटं रोप, समजा.

बी-बियाणं: ताई, मुळासकट मुळीच आणू नका. सोटमूळ तुटलं की रोप मान टाकतं. शिवाय औषधासाठी लोक अख्खं झाड उपटतात, माळावर आधीच कमी होतंय. बी घ्या, तेही थोडंच. बोंड हिरव्याचं पिवळट व्हायला लागलं की त्यावर मलमलची पुरचुंडी बांधा. उशीर झाला तर फाका आकसून बी दूर उडवतात, हाती रिकामं बोंड येतं.

किमान ८ इंच खोल कुंडी घ्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग पालापाचोळ्याचं खत. शेणखत जास्त झालं तर फांद्या लोळतात. पावसाच्या सुरुवातीला बी कायमच्या कुंडीतच पेरा, वर जेमतेम ३ मिलिमीटर माती. उगवण मागंपुढं होते, म्हणून कुंडी लवकर रिकामी करू नका. नुसती काळी माती नकोच, पाणी धरते आणि बुंधा कुजतो. खानापूरच्या जुलैच्या झडीत कुंडी वळचणीला ठेवा, पण ऊन लागलं पाहिजे.

प्रश्न (जांबोटी रोड): धन्यवाद. फूल उलटं केलं, बुडाशी पिशवी आहे. पण पानांवर तांबूस, काटेरी अळ्या आहेत. फवारू का?

माळरान: नको. टॉनी कोस्टर फुलपाखराच्या असणार, त्यांचं हे खाद्यझाड आहे. कुंडीतलं रोप लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून कृष्णकमळाच्या वेलावर सोडा, तोही त्यांना चालतो.