आईला क्लिनिकल ट्रायलमध्ये घालावे का? संमतीपत्र वाचून पडलेल्या शंका

निशिगंध:
माझ्या आईला सहा वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू असूनही सकाळी तिची बोटे दोन-दोन तास मोकळी होत नाहीत. मागच्या भेटीत तिच्या डॉक्टरांनी एका नव्या इंजेक्शनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीविषयी सांगितले आणि २२ पानी संमतीपत्र घरी वाचायला दिले. त्यात ‘रँडमाइज्ड’, ‘डबल ब्लाइंड’ आणि ‘प्लासिबो’ हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा मला लागलेला अर्थ असा की आईला खरे औषध मिळेल की नुसते पाणी, हे चिठ्ठी टाकून ठरणार आणि ते तिच्या डॉक्टरांनाही कळणार नाही. औषध चांगले आहे असे डॉक्टरांना वाटत असेल, तर ते सरळ देत का नाहीत? आणि मधेच नको वाटले तर बाहेर पडता येते का? अनुभवी किंवा जाणकार मंडळींनी कृपया सांगावे.

मुचकुंद:
मी काही वर्षे चाचण्यांचा समन्वयक म्हणून काम केले आहे. रुग्णांना ही पाने समजावून सांगण्यातच माझा बराच वेळ जात असे.

तिसऱ्या टप्प्याविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्या टप्प्यात काही डझन लोकांना, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना, औषध देऊन शरीराला किती मात्रा सोसते हे पाहतात. कर्करोगाच्या औषधांसाठी मात्र तेव्हाही रुग्णच घेतात. दुसऱ्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर परिणाम आणि योग्य मात्रा तपासतात. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्णांमध्ये तुलना होते. म्हणजे हे औषध घेणाऱ्या तुमच्या आई पहिल्या नसतील. तरीही क्वचित होणारे दुष्परिणाम या टप्प्यापर्यंत लपून राहू शकतात, हे विसरू नये.

आता प्लासिबो. आमवाताच्या पुष्कळ चाचण्यांमध्ये आधीचे मेथोट्रेक्सेट दोन्ही गटांत चालूच ठेवतात आणि त्यावर एका गटाला नवे इंजेक्शन, तर दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन देतात. तसे असेल तर आईंच्या सध्याच्या उपचारातून काहीही काढून घेतले जाणार नाही. पण सगळ्याच चाचण्यांची रचना अशी नसते, म्हणून आधीच्या औषधांचे काय होणार हे सांगणारा परिच्छेद शोधा. त्याच्याच आसपास, ठरावीक आठवड्यांत सांध्यांची सूज कमी झाली नाही तर काय करायचे, याची तरतूद असायला हवी. ती नसेल, तर मी स्वतः सही करण्याची घाई करणार नाही.

‘सरळ का देत नाहीत’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे ठोके अनियमित पडत असतील, तर ते नियमित करणारी औषधे त्यांचा जीव वाचवतील, अशी एके काळी हृदयरोगतज्ज्ञांची खात्री होती. ठोके सुधारतानाही दिसत होते. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत मात्र एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांमध्ये प्लासिबोवरच्या रुग्णांपेक्षा जास्त मृत्यू झाल्याचे दिसले आणि १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. डॉक्टरांची खात्री प्रामाणिक होती आणि तरी चुकीची होती. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ‘अजून ठाऊक नाही’ असे म्हटले, तर ते खरे बोलत आहेत असे समजा.

चिठ्ठी टाकण्यामागचे कारणही हेच आहे. कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांवर सोपवले, तर नकळत ठणठणीत रुग्ण एका गटात आणि खंगलेले दुसऱ्या गटात जातात. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत गट ठरवण्यासाठी यादृच्छिक अंक मोहोरबंद पाकिटांत घातले होते आणि क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटाचे हे सांगितले नव्हते. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. (आपण एका चाचणीत आहोत हे त्या ५२ जणांना सांगितलेही नव्हते. आज हे चालणार नाही.)

डॉक्टरांना माहीत नसले, तरी कोणाला काय मिळते आहे याची नोंद असतेच. जिवावर बेतण्यासारखे काही झाले आणि उपचारासाठी ते कळणे आवश्यक ठरले, तर ती तातडीने उघडता येते.

उत्तरायण:
मी रुग्ण म्हणून एका चाचणीत सव्वा वर्ष होते. जाहिरातीत न दिसणारी बाजू सांगते. दर चार आठवड्यांनी उपाशीपोटी जायचे, दर वेळी तीन-चार नळ्या रक्त द्यायचे, घरी रोज डायरी लिहायची आणि सर्दीची साधी गोळी घ्यायची तरी आधी विचारायचे. मला औषधच मिळते आहे असे मी धरून चालले होते, कारण इंजेक्शननंतर दिवसभर डोके दुखायचे. शेवटी कळले की मी प्लासिबोवर होते! डोकेदुखी अगदी खरी होती. दुष्परिणामांची यादी वाचून ती मनाने आणली असावी. आईंबरोबर दर वेळी कोण जाणार, हे आधीच ठरवून ठेवा.

पैलतीर:
मला इतका विश्वास टाकवत नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर केवळ नजर ठेवली गेली आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. तिथेही डॉक्टरच होते. संमतीपत्र हे रुग्णाच्या भल्यासाठी असते की संस्थेच्या बचावासाठी, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

मुचकुंद:
पैलतीर, तुमचा संशय अनाठायी नाही. नैतिकता समित्या आणि लेखी संमती यांचे नियम अशाच प्रकारांमुळे कडक झाले. आता मोठ्या चाचण्यांमध्ये बहुधा एक स्वतंत्र समितीही असते. ती गटवार आकडे मधूनमधून पाहते आणि अपाय दिसल्यास चाचणी थांबवण्याची शिफारस करते. पण कोणतीही समिती तुमच्या वतीने प्रश्न विचारायला येत नाही, हेही खरे. रुग्णांची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी असते की चाचणीतील प्रत्येक गोष्ट आपल्याला बरे करण्यासाठीच आखलेली आहे. ती आखलेली असते पुढच्या रुग्णांच्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी. त्यात तुमचा फायदा होऊ शकतो, पण तसे वचन कोणी देत नाही.

निशिगंध, बाहेर पडण्याचे राहिले. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवले जाऊ शकत नाहीत. फक्त इंजेक्शन परस्पर बंद न करता त्यांना कळवा, कारण काही औषधांचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतरही कित्येक आठवडे टिकतो आणि तेवढा काळ तपासण्या करून घेणे आईंच्याच हिताचे असते. औषधाने इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा आणि चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळणार का, ही तीन उत्तरे कागदावर मिळवा. तोंडी आश्वासन देणारी व्यक्ती वर्षभराने तिथे असेलच असे नाही.

निशिगंध:
सर्वांचे आभार. काल रात्री आईबरोबर बसून सगळी पाने पुन्हा वाचली. पान ९ वर मेथोट्रेक्सेट दोन्ही गटांत चालू राहील असे स्पष्ट लिहिले आहे आणि १६ व्या आठवड्यात सूज उतरली नसेल तर उपचार बदलण्याची सोय आहे. इजेच्या खर्चाविषयीही एक परिच्छेद सापडला. चाचणी संपल्यानंतरच्या औषधाबद्दल मात्र एकही ओळ नाही. आईने तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि डॉक्टरांना ते ती स्वतःच विचारणार आहे.